टॉरेंटची जोडणी जुळत नसेल तर: कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

मराठी विकिपीडियाची प्रत संगणकावर उतरवून घेतली, की ती इंटरनेट नसतानाही वाचता येते. किविक्स हा प्रकल्प अशा प्रती मोफत देतो आणि त्या थेट उतरवण्याबरोबरच टॉरेंटनेही, म्हणजे इतर वापरणाऱ्यांच्या संगणकांकडून तुकड्या-तुकड्यांनी, घेता येतात. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली, लिबरऑफिस, इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेली पुस्तके आणि ध्वनिमुद्रणे यांच्या बाबतीतही हीच सोय आहे. टॉरेंटचा हा उपयोग पूर्णपणे कायदेशीर आहे आणि हा लेख अशाच वापरासाठी आहे. अडचण येते ती अशी, की फाइल लावली जाते, नाव यादीत दिसते, पण पुढे ‘स्टॉल्ड’ (अडकले) हा शब्द तासन्‌तास हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण सेटिंगमधल्या दहा गोष्टी एकदम बदलतात. त्याने कधी जोडणी जुळते, कधी जुळत नाही, पण नेमके कशाने काय झाले हे मात्र कळत नाही. म्हणून इथे सांगितलेल्या क्रमानेच जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर दहा मिनिटे थांबून परिणाम पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उदाहरणासाठी मी क्यूबिटटॉरेंट हा मुक्त प्रोग्राम घेतला आहे, कारण तो विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालतो आणि आत काय चालले आहे ते मोकळेपणाने दाखवतो. ट्रान्समिशन, डेल्यूज यांसारख्या इतर प्रोग्राममध्ये मेनूंची नावे थोडी वेगळी असली तरी तपासणीचा क्रम हाच राहतो.

आधी जोडणी कशी जुळते ते पाहू

ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली बिटटॉरेंटची पद्धत मांडली, तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. फाइलचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि ज्यांच्याकडे जे तुकडे आहेत ते संगणक ते एकमेकांना थेट देतात. कोणाकडे काय आहे हे कळण्यासाठी ट्रॅकर नावाचा सर्व्हर असतो, आणि ट्रॅकर नसला तरी डीएचटी नावाच्या सामायिक पत्तावहीतून माहिती मिळते. पण पत्ता मिळणे वेगळे आणि भेट होणे वेगळे. दोन संगणकांची भेट व्हायची तर त्यांपैकी एकाचे तरी दार बाहेरून ठोठावता आले पाहिजे आणि ते उघडले गेले पाहिजे. तुमचे दार बंद असेल तर तुम्ही इतरांच्या उघड्या दारांपर्यंत जाऊ शकता, पण तुमच्याकडे कोणी येऊ शकत नाही. आणि दोघांचीही दारे बंद असतील तर फाइल दोघांना हवी असूनही त्यांची गाठ पडत नाही. काही प्रोग्राममध्ये तिसऱ्या उघड्या संगणकाच्या मदतीने अशी गाठ घालून देण्याची सोय आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

उबुंटूसारखी फाइल शेकडो जण देत असतात, त्यामुळे तुमचे दार बंद असले तरी काम होऊन जाते. एखादे दुर्मिळ मराठी मासिक किंवा जुने ध्वनिमुद्रण मात्र जगात दोन-तीन जणच देत असतात, आणि ते दोघे-तिघेही आपल्यासारखेच घरगुती जोडणीवर बंद दाराआड बसलेले असतात. तिथे एका माणसाचे दार उघडे असणे म्हणजे ती फाइल जिवंत असणे होय. हे दार, म्हणजे पोर्ट, उघडण्याची एवढी खटपट करावी असे मी म्हणतो ते यासाठीच.

दोष आपल्याकडे आहे का, हे आधी ठरवावे

पहिली पायरी म्हणजे खात्रीचे टॉरेंट लावून पाहणे. डेबियनच्या अधिकृत संकेतस्थळावरून चालू आवृत्तीच्या ‘नेटइन्स्ट’ प्रतिमेची, म्हणजे प्रणाली बसवण्याच्या फाइलची, टॉरेंट फाइल घ्यावी आणि ती प्रोग्राममध्ये लावावी. ती पाच मिनिटांत व्यवस्थित उतरू लागली, तर तुमच्या संगणकाची आणि जोडणीची मूलभूत स्थिती ठीक आहे. मग अडलेल्या टॉरेंटला सध्या कोणी पूर्ण प्रत देणारा, म्हणजे सीडर, उपलब्ध नाही किंवा जे आहेत त्यांच्यापर्यंत तुम्ही पोहोचत नाही. ‘सीड्स’ या रकान्यात दोन आकडे दिसतात. बाहेरचा आकडा तुम्ही प्रत्यक्ष जोडलेल्यांचा असतो आणि कंसातला एकूण माहीत असलेल्यांचा. ० (०) असेल तर सध्या देणाराच कोणी नाही, आणि त्यावर वाट पाहण्याखेरीज उपाय नाही. ० (३) असेल तर देणारे आहेत पण भेट होत नाही, आणि हाच प्रसंग पुढच्या तपासणीचा आहे. डेबियनचे टॉरेंटही हलले नाही, तर दोष नक्कीच आपल्या बाजूला आहे.

प्रोग्राम काय सांगतो आहे ते वाचावे

क्यूबिटटॉरेंटच्या खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत जोडणीची खूण असते. ती हिरवी असेल तर बाहेरून कोणीतरी तुमच्यापर्यंत पोहोचले आहे. ज्वालेसारखी पिवळसर-नारिंगी असेल तर तुम्ही बाहेर जाऊ शकता, पण आत कोणी आलेले नाही. लाल असेल तर प्रोग्रामला इंटरनेटच मिळत नाही. इथे एक सावधगिरी बाळगावी: प्रोग्राम नुकताच सुरू केला असेल किंवा एकही टॉरेंट चालू नसेल, तर सारे काही ठीक असूनही ज्वालाच दिसते, कारण अजून कोणी दार ठोठावलेलेच नसते. एखादे गजबजलेले टॉरेंट लावून पंधरा-वीस मिनिटे द्यावीत आणि मगच निष्कर्ष काढावा.

त्याच पट्टीत डीएचटीच्या नोड्सचा, म्हणजे त्या पत्तावहीत सामील संगणकांचा, आकडा असतो. काही मिनिटांत तो शंभराच्या पुढे जायला हवा. तो शून्यावरच अडकला असेल, तर बहुधा यूडीपी (माहिती पाठवण्याची एक पद्धत) प्रकारची वाहतूक कुठेतरी अडवली जात आहे, किंवा प्रोग्राम चुकीच्या नेटवर्कला बांधला गेला आहे. मॅग्नेट दुवा (टॉरेंट फाइलऐवजी वापरता येणारा दुवा) लावल्यावर ‘डाउनलोडिंग मेटाडेटा’ येथेच सारे थांबते, त्यामागेही वारंवार हेच कारण असते. मॅग्नेटमध्ये फाइलची यादी नसते, ती इतरांकडून मागून घ्यावी लागते, आणि इतर सापडतच नसतील तर मागायची कोणाकडे?

‘ट्रॅकर्स’ या टॅबमधील संदेशही नीट वाचावा. ‘वर्किंग’ असेल तर ठीक. ‘नॉट वर्किंग’ असेल तर शेजारी कारण दिलेले असते: नाव सापडले नाही असे असेल तर डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेची, अडचण आहे, वेळ संपली असे असेल तर सर्व्हर बंद आहे किंवा वाट अडवली आहे. प्रमाणपत्राविषयी तक्रार दिसली तर आधी संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली, की तारीख काही वर्षे मागे जाते आणि सुरक्षित ट्रॅकरशी होणारी प्रत्येक जोडणी नाकारली जाते.

सर्वांत उपयोगी, पण सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे ‘व्ह्यू’ मेनूतील लॉग. तो सुरू करून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा. कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर प्रोग्राम ऐकतो आहे, राउटरला पोर्ट उघडण्याची विनंती यशस्वी झाली की फसली, आणि बाहेरचा आयपी पत्ता कोणता आढळला, हे सारे तिथे ओळीने लिहून येते. हा पत्ता कागदावर टिपून ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

संगणकाच्या आतली अडवणूक

फायरवॉल सर्वप्रथम. विंडोजमध्ये प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना परवानगीची चौकट येते आणि घाईत ती अनेक जण रद्द करतात. त्या एका क्लिकने आत येणाऱ्या जोडण्या अडवणारा नियम कायमचा तयार होऊ शकतो. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील फायरवॉलच्या विभागात जाऊन परवानगी दिलेल्या प्रोग्रामची यादी उघडावी आणि क्यूबिटटॉरेंटसमोर ‘प्रायव्हेट’ या खान्यात खूण असल्याची खात्री करावी. त्याचबरोबर घरच्या वायफायची नोंद ‘पब्लिक’ अशी झालेली नाही ना, हेही पाहावे. वेगळा अँटिव्हायरस बसवलेला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि विंडोजमधील परवानगी तिला लागू होत नाही. कारण तपासण्यापुरती ती पाच मिनिटे बंद ठेवणे चालेल, मात्र फरक पडला तर ती कायमची बंद न करता तिच्यात प्रोग्रामची नोंद करावी.

व्हीपीएन (आपली वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) वापरणाऱ्यांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. क्यूबिटटॉरेंटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात ‘नेटवर्क इंटरफेस’ अशी निवड असते. कधीकाळी तिथे व्हीपीएन निवडलेले असते, पुढे व्हीपीएन काढून टाकले जाते आणि प्रोग्राम मात्र त्या नसलेल्या वाटेवर वाट पाहत राहतो. ब्राउझर व्यवस्थित चालतो, टॉरेंट मात्र एक बाइटही घेत नाही. निवड पुन्हा ‘एनी इंटरफेस’ अशी करावी. ‘प्रॉक्सी सर्व्हर’च्या जागी जुनी नोंद राहिली असेल तर तीही काढावी.

जोडणीचा वाटणारा एक दोष खरे तर डिस्कचा असतो. पेनड्राइव्ह किंवा जुनी बाह्य डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर मावतच नाही, आणि टॉरेंट ‘एरर्ड’ दाखवून थांबते. डिस्कवर मोकळी जागा आणि फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी या दोन गोष्टी राउटरला हात लावण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

राउटरमध्ये पोर्ट उघडणे

पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरच्या इमारतीतील खोलीचा क्रमांक. बिटटॉरेंटचे जुने ठरलेले पोर्ट ६८८१ ते ६८८९ होते. ते सर्वांना माहीत असल्यामुळे काही ठिकाणी नेमके तेच अडवले जातात, म्हणून ते टाळावेत. ४९१५२ च्या पुढचे क्रमांकही मी घेत नाही, कारण विंडोज तात्पुरत्या कामांसाठी तेच वापरते आणि कधी कधी झटापट होते. २०,००० ते ३०,००० यांमधील कोणताही एक क्रमांक, उदाहरणार्थ २३४५६, ‘कनेक्शन’ विभागातील येणाऱ्या जोडण्यांच्या पोर्टसाठी लिहावा आणि दर वेळी नवा पोर्ट निवडण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवावा.

त्याच विभागात ‘यूपीएनपी’चा पर्याय असतो. त्याने प्रोग्राम स्वतःच राउटरला पोर्ट उघडायला सांगतो. हा सोपा मार्ग आहे आणि राउटरमध्येही ही सोय सुरू असेल तर पुष्कळदा तेवढ्याने काम होते. तरीही मी घरात ती बंद ठेवतो आणि पोर्ट हाताने उघडतो. यूपीएनपी सुरू असेल तर घरातील कोणतेही उपकरण, स्वस्त कॅमेरा किंवा टीव्हीसुद्धा, आपल्याला न विचारता बाहेरचे दार उघडू शकते, आणि ते मला पटत नाही.

हाताने उघडण्याची पद्धत अशी. विंडोजच्या कमांड खिडकीत आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिली, की संगणकाचा घरातील पत्ता आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणजे राउटरचा पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तो ब्राउझरमध्ये लिहून राउटरचे पान उघडावे. नाव आणि पासवर्ड सहसा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो. आत गेल्यावर आधी डीएचसीपीच्या, म्हणजे घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याच्या, विभागात आपल्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवावा, समजा १९२.१६८.१.५०. ही पायरी गाळली तर आज उघडलेले पोर्ट आठवड्याभराने, संगणकाला दुसरा पत्ता मिळाल्यावर, भलत्याच उपकरणाकडे जाऊ लागते. विंडोजमध्ये वायफायसाठी यादृच्छिक हार्डवेअर पत्ता वापरण्याचा पर्याय सुरू असेल तर राखीव पत्ता लागूच पडत नाही, म्हणून घरच्या वायफायपुरता तो बंद करावा. त्यानंतर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या पानावर बाहेरचे पोर्ट २३४५६, आतले पोर्ट २३४५६ आणि पत्ता १९२.१६८.१.५० अशी नोंद करावी. टीसीपी (माहिती पाठवण्याची दुसरी पद्धत) आणि यूडीपी दोन्ही निवडावेत. केवळ टीसीपी निवडले तर डीएचटी आणि यूटीपी (यूडीपीवरून तुकडे पाठवण्याची टॉरेंटची पद्धत) या दोन्हींसाठी येणारी वाहतूक बाहेरच राहते. ‘डीएमझेड’ नावाचा पर्याय दिसला तर त्याच्या मोहात पडू नये, कारण त्याने सर्वच पोर्ट एकदम उघडे पडतात.

आता पोर्ट उघडले का, ते पोर्ट तपासणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पाहावे. तपासणीच्या वेळी क्यूबिटटॉरेंट चालू असलेच पाहिजे, नाहीतर ऐकणारे कोणी नसल्यामुळे ते बंदच दिसते.

सारे बरोबर करूनही पोर्ट बंद दिसते तेव्हा

माझ्या घरी फायबर जोडणी नवी आली तेव्हा वर सांगितलेले सारे मी दोनदा, तीनदा केले. नोंदी बरोबर होत्या, फायरवॉल बरोबर होती, तरी तीन संध्याकाळी पोर्ट बंदच दिसत राहिले. सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या दूरध्वनीवरून राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे सल्ला मिळाला नाही. शेवटी राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर ‘वॅन आयपी’समोरचा, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला, पत्ता नीट पाहिला. तो १००.७२ ने सुरू होत होता. माझा बाहेरचा पत्ता सांगणारे संकेतस्थळ मात्र पूर्ण वेगळा पत्ता दाखवत होते. कारण तिथेच होते, आणि ही तुलना मी पहिल्याच संध्याकाळी करायला हवी होती.

आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे पत्ते मुळातच सुमारे ४३० कोटी आहेत. जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागल्या. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवण्यात आले. मोठ्या सोसायटीच्या फाटकावर एकच पहारेकरी असावा आणि त्याला तुमच्या खोलीचा क्रमांकच माहीत नसावा, तशी ही अवस्था असते. आपल्या घराचे दार सताड उघडे ठेवले तरी पाहुणा फाटकातूनच परत जातो.

म्हणून राउटरमधील वॅन आयपी आणि लॉगमध्ये टिपलेला बाहेरचा पत्ता ताडून पाहावा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे सार्वजनिक पत्ता आहे आणि चूक घरातच शोधावी. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल तर सीजीनॅट नक्की. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा घरातच दोन राउटर एकापुढे एक लागले आहेत. कंपनीने दिलेली फायबरची पेटी स्वतःच राउटर असते आणि आपण वायफायसाठी तिला दुसरा जोडलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करावे, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, किंवा कंपनीकडून पेटी ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्यावी, म्हणजे तिचे राउटरचे काम बंद होईल. वॅन आयपी १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर दोन्ही शक्यता आहेत, पण घरात एकच राउटर असेल तर तेही कंपनीकडचेच नॅट (एकच पत्ता अनेकांत वाटण्याची व्यवस्था) आहे असे समजावे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बहुधा सीजीनॅटच असते.

सीजीनॅटवर उपाय तीन. कंपनीकडे ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे न बदलणारा पत्ता, मागावा. अनेक कंपन्या जादा शुल्क घेऊन तो देतात, आणि मागताना ‘पोर्ट फॉरवर्डिंगसाठी सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे’ असे स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. दुसरा मार्ग पोर्ट फॉरवर्डिंगची सोय असलेल्या व्हीपीएनचा. तिथे व्हीपीएनने दिलेला पोर्ट क्रमांकच प्रोग्राममध्ये लिहावा लागतो. तिसरा मार्ग आयपीव्ही६ चा, म्हणजे नव्या पत्तापद्धतीचा. भारतात तो आता मोठ्या प्रमाणावर मिळतो आणि मला तो सर्वांत योग्य वाटतो, कारण त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो व नॅटचा प्रश्नच उरत नाही.

आयपीव्ही६ मिळत असेल तर आयपीकॉन्फिगच्या उत्तरात २ या अंकाने सुरू होणारा लांब पत्ता दिसतो. एफई८० ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच असतो, तो धरू नये. क्यूबिटटॉरेंटमध्ये बांधण्याचा पत्ता ‘ऑल अ‍ॅड्रेसेस’ असा ठेवावा. राउटर मात्र आयपीव्ही६ वरूनही आत येणाऱ्या जोडण्या सहसा अडवतो, म्हणून त्याच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये आपल्या संगणकापुरता २३४५६ हा एकच पोर्ट मोकळा करावा. काही स्वस्त राउटरांत असा नियम करता येत नाही, पूर्ण फायरवॉल चालू किंवा बंद एवढेच करता येते. ती बंद करू नये. घरातील प्रिंटर आणि कॅमेरेही त्याबरोबर जगासमोर उघडे पडतील. आयपीव्ही६ वर भेट त्यांच्याशीच होते ज्यांच्याकडेही आयपीव्ही६ आहे, एवढी मर्यादा लक्षात ठेवावी.

जोडणी आहे, पण वेग नाही

सेवा देणारी कंपनी टॉरेंटची वाहतूक ओळखून मंद करत असेल असा संशय अनेकांना येतो. असे घडलेले आहे: अमेरिकेत कॉमकास्ट ही कंपनी बिटटॉरेंटच्या जोडण्या मध्येच तोडते हे २००७ साली उघड झाले आणि २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. पण दर वेळी कंपनीलाच दोष देऊ नये. ‘बिटटॉरेंट’ विभागात एन्क्रिप्शन (वाहतूक सांकेतिक रूपात पाठवणे) ‘अलाउ’ असे असेल तर तसेच ठेवावे, संशय असेल तर काही तास ‘रिक्वायर’ करून वेग मोजावा, आणि फरक पडला नाही तर परत पूर्ववत करावे, कारण सक्ती केल्याने भेटणाऱ्यांची संख्या घटते. कॉलेज, वसतिगृह किंवा कार्यालय यांच्या नेटवर्कवर टॉरेंट बंद असेल तर तो त्यांचा नियम आहे. तिथे पळवाट न शोधता व्यवस्थापकाला विचारावे.

माझ्या अनुभवात मंद वेगाचे सर्वांत मोठे कारण अपलोडला मर्यादा नसणे हे असते. अपलोडची वाट पूर्ण भरली, की तुकडे मिळाल्याच्या पोचपावत्याही रांगेत अडकतात आणि डाउनलोड आपोआप मंदावते. वेगचाचणीत मिळालेल्या अपलोडच्या सुमारे ८० टक्के मर्यादा घालावी. क्यूबिटटॉरेंटमध्ये ती सेकंदाला किलोबाइटमध्ये असते आणि कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, म्हणून ८ ने भागायला विसरू नये: २० मेगाबिटचे अपलोड म्हणजे साधारण २५०० किलोबाइट, आणि त्याचे ८० टक्के २०००. टॉरेंट सुरू करताच घरातील सर्वांचे इंटरनेट बंद पडत असेल, तर राउटरची जोडण्या सांभाळण्याची क्षमता अपुरी पडते आहे. एकूण जोडण्यांची मर्यादा ५०० वरून १५० वर आणून पाहावी.

सर्व नीट झाल्याची माझी शेवटची तपासणी ‘पीअर्स’ (तुमच्याशी जोडलेले इतर संगणक) या टॅबमध्ये असते. तिथे ‘फ्लॅग्ज’ हा रकाना आहे. त्यात इंग्रजी ‘आय’ हे मोठे अक्षर ज्याच्यासमोर दिसते तो पीअर स्वतःहून तुमच्यापर्यंत आलेला असतो. ते दिसले आणि खालची खूण हिरवी झाली, की डेबियनचे चाचणीचे टॉरेंट हवे तर काढून टाकावे, पण मराठी विकिपीडियाची प्रत किंवा तुमच्याकडे असलेली एखादी दुर्मिळ, हक्कमुक्त फाइल पूर्ण झाल्यावरही सीडिंगमध्ये चालू ठेवावी. आदल्या दिवशी ० (३) दाखवणारे दुसऱ्या कोणाचे तरी टॉरेंट त्या रात्री तुमच्या उघड्या पोर्टवरून पुढे सरकू लागेल.